ढोरवाट, भाऱ्याची वाट आणि कारवीची काडी

साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यापासून चाळकेवाडीपर्यंत आम्ही जिथे जिथे सायकली घालतो, त्यातली एकही वाट सायकलसाठी झालेली नाही. परदेशातल्या व्हिडिओंत दिसतात तशा यंत्राने कोरलेल्या, वळणावर बाहेरच्या अंगाने उचललेल्या, मधेच उडी मारायला उंचवटा ठेवलेल्या वाटा इकडे शोधू नयेत. आमच्याकडची वाट म्हशींनी केलेली असते, शेळ्यांनी केलेली असते, गवताचे भारे डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बायकांनी केलेली असते. काही दूध घालायला जाणाऱ्यांनी, काही पवनचक्कीवाल्यांनी. आणि काही नुसत्या पाण्याने, ज्या मुळात वाटा नसतातच. कोणती कुणाची हे ओळखता आलं की टायर कोणते, ब्रेक कसा, सीट किती उंच, या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. सायकलच्या दुकानात ती मिळत नाहीत. दुकानदाराचाही दोष नाही, तो डोंगरावर येत नाही.

डोंगरात सायकल घालायचा हा खेळ, म्हणजे माउंटन बायकिंग, जिथे जन्मला तिथेही वाट उसनीच होती. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरातून कच्चे रस्ते काढलेले होते. त्यातल्या एकावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही पोरांनी शर्यत लावली. सायकली दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या, जाडजूड टायरच्या, जवळपास भंगारातल्या. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे चारशे मीटरचा उतार, आणि ब्रेक मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि पुन्हा वर जाण्याआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या जो ब्रीझने खास डोंगरासाठी फ्रेम बनवली, १९८१ मध्ये ‘स्टम्पजंपर’ नावाची सायकल दुकानांत आली आणि १९९६ मध्ये अटलांटाला हा प्रकार ऑलिंपिकमध्ये गेला. साधारण त्याच सुमारास आपल्याकडे ‘रेंजर’ सायकलींची लाट होती. सरळ हँडल, जाड टायर, चिखलात चालायला केलेलं सगळं. आम्ही ती क्लासला नेली आणि क्लासबाहेर ओळीत लावली. यवतेश्वरचा डोंगर तेव्हाही समोरच उभा होता.

शिकाऊ माणसाला मी आधी चाळकेवाडीला नेतो. साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडून, सज्जनगड उजव्या हाताला ठेवून, ठोसेघरच्या पुढे चढून गेलं की पठारावर पवनचक्क्यांचं रान लागतं. त्यांच्या मधून मुरमाचे रस्ते फिरतात. हे रस्ते म्हणजे सरळ मनाच्या माणसासारखे, कुठे दगा नाही. कारण एवढं लांब पातं ट्रेलरवरून आणायचं तर वळण ऐसपैस लागतं, चढ बेताचा लागतो, रुंदी भरपूर लागते. सायकलवाल्याच्या नशिबाने ते सगळं आयतं झालं. साधी सायकल असली, पुढे ऐंशी मिलिमीटरचं स्वस्तातलं शॉकअप असलं तरी इथे दिवस मजेत जातो. पावसाळ्यात धुक्यात काही दिसत नाही, फक्त डोक्यावर पात्यांचा घूं घूं आवाज फिरत राहतो, आणि आडवा वारा असा येतो की सरळ जाण्यासाठी सायकल तिरकी धरावी लागते.

सोप्या रस्त्यांवर वेग वाढतो, आणि आमच्या टोळीतला सगळ्यात मोठा अपघात झाला तो इथेच. गाडीची चाकं जिथून फिरतात तिथला मुरूम दाबून घट्ट होतो आणि वर सुटी खडी तरंगत राहते. टोळीतले दंतवैद्य लांबच्या उतारावर ब्रेक धरून, म्हणजे सोडून-सोडून नव्हे, एकसारखा धरून, येत होते. त्यांच्या सायकलला १६० मिलिमीटरची डिस्क, स्वतः ते नव्वदीच्या पुढे. डिस्क तापली, निळी पडली, पॅड करपल्याचा वास मागच्या माणसापर्यंत आला. मग लिव्हर हँडलला टेकायला लागला आणि ब्रेक काही लागेना. वळण आलं. डॉक्टर रस्त्यालगतच्या चरीत गेले आणि कॉलरबोन मोडून बसले. सायकलवरून पुढे पडणारा माणूस हात पसरतो, आणि हातावर आलेला झटका खांद्यातून थेट त्या हाडावर जातो. आम्ही टी-शर्टची झोळी करून हात गळ्यात बांधला. शेवटपर्यंत ते शांतपणे आम्हालाच सूचना देत होते, कारण दुसऱ्याच्या दुखण्याकडे बघायची त्यांना सवय.

आता त्यांच्या सायकलला पुढे १८० ची डिस्क आहे. तेवढ्याने भागतं असं नाही. मोठी डिस्क उष्णता जास्त सोसते आणि तेवढ्याच जोरात जास्त पकड देते, हे खरं. पण उतारावर ब्रेक कसा मारायचा हे शिकायलाच लागतं: जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा, थंड होऊ द्या. आणि हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेल भरायची वेळ आली तर आपल्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं की डॉट (मोटारसायकलला असतं ते), हे लिव्हरवर वाचून घ्या. एकाच्या जागी दुसरं भरलं तर आतले रबरी सील फुगतात आणि पूर्ण ब्रेक बदलावा लागतो. गॅरेजमधून मोटारसायकलचं ब्रेक ऑइल आणून ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत.

ढोरवाट वेगळी. जनावर चढ टाळतं. ते डोंगराला आडवं आडवं चालतं, त्यामुळे ढोरवाटा एकाखाली एक अशा समांतर, जेमतेम वीतभर रुंद आणि लांबच लांब पसरलेल्या असतात. मातीचा पोत खुरांनी घोटून गुळगुळीत झालेला. या वाटेवर पेडल मारायला जे सुख आहे ते दुसरीकडे नाही. एका बाजूला कुरणाचा उतार, दुसऱ्या बाजूला दरी, खाली उरमोडी धरणाचं पाणी. अडचण दोनच. एक, वाट अरुंद असल्याने डोंगराकडचं पेडल खाली असताना ते बांधाला आपटतं आणि सायकल दरीकडे ढकलली जाते. म्हणून अशा ठिकाणी पेडल फिरवायचंच नाही, दोन्ही आडवी समतोल धरून पार व्हायचं. दोन, वाट जनावरांच्या सोयीने संपते. कुठे डबक्यापाशी, कुठे एका मोठ्या झाडाच्या सावलीत. तुम्हाला गावात जायचं असतं, वाटेला रवंथ करायची असते.

शेळीची वाट मात्र सायकलवाल्याने लांबूनच नमस्कार करावी. शेळी पाला बघून चालते, वाट बघून नाही. त्यामुळे तिची वाट सरळ वर जाते, मधेच चार फाटे फुटतात, मग नुसता घसारा उरतो. ठोसेघरच्या अंगाला अशाच एका वाटेने उतरताना आमची टोळी कारवीच्या रानात शिरली. कारवी सात वर्षांनी फुलते, बी धरते आणि वाळून जाते. फुलोऱ्याचं कौतुक सगळे करतात, नंतरच्या काड्यांबद्दल कोणी बोलत नाही. वाळक्या, बोटाएवढ्या जाड, चिवट काड्या वाटेवर आडव्या पडलेल्या असतात. त्यातली एक उडाली, मागच्या चाकाच्या तारांत गेली, चाकाबरोबर फिरली आणि डीरेलर घेऊनच वर आली. कट्ट असा आवाज. गिअर बदलणारा तो सगळा सांगाडा चेनला लोंबकळत होता आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर दोन तुकडे होऊन गवतात पडला होता.

हँगर ही या छंदातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत छळवादी वस्तू. अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा. तो मुद्दाम मऊ असतो, म्हणजे आदळलं तर तो मोडावा आणि फ्रेम वाचावी. कल्पना उत्तम. पण दर कंपनीचा, कधी कधी एकाच कंपनीच्या दर मॉडेलचा, आकार निराळा. भोकांची जागा जराशी सरकलेली असली तरी तो बसत नाही. डोंगरावर यावर उपाय एकच: चेन तोडायची, डीरेलर पिशवीत टाकायचा, चेन आखूड करून मधल्या एखाद्या चाकीवर बसवायची आणि एका गिअरची सायकल घेऊन घरी जायचं. त्यासाठी चेन तोडायचा पाना आणि एक क्विक लिंक, म्हणजे चेन परत जोडायची सुटी कडी, जवळ हवी. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर ही युक्ती नीट चालत नाही, कारण चाक वरखाली होताना चेनला लागणारी लांबी बदलते. म्हणूनही मी पुढेच शॉकअप असलेली हार्डटेल वापरतो. (खरं कारण पैसे हेही आहे.)

ती आखूड चेनही पुढच्या चढावर सुटली आणि सायकली ढकलत डांबरी सडकेला लागेपर्यंत दुपार झाली. दुधाचे कॅन उतरवून परतणाऱ्या पिकअपवाल्याने आम्हाला मागे घेतलं. सायकलची किंमत त्याने विचारली नाही, हे विशेष, कारण तो प्रश्न साताऱ्यात पहिला येतो. त्याने विचारलं, “दादा, एवढ्या मोठ्या गाडीला तेवढाच जोड ठेवलाय व्हय?”

तसलाच प्रश्न एमआयडीसीतल्या मिलिंगवाल्या मामांना पडला. बाहेरून हँगर मागवायला वेळ लागणार होता म्हणून आम्ही तुटलेले तुकडे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कॅलिपर लावून मापं घेतली, तुकडा उलटसुलट केला आणि म्हणाले, “साहेब, लोखंडाचा करून देतो. जन्मात मोडणार नाही.” आम्ही म्हटलं, मामा, मोडायला पाहिजे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. बाकीचे कारागीर काम थांबवून ऐकायला लागले. फ्रेम, आघात, बळीचा बकरा असलेला भाग, वगैरे सगळं समजावून झाल्यावर मामा शांतपणे म्हणाले, “म्हंजे चांगलं काम केलं तर तुमचं नुकसान.” शेवटी ॲल्युमिनियमचेच दोन करून दिले आणि एकाचेच पैसे घेतले, दुसरा ‘मोडायसाठी’ म्हणून. तेव्हापासून एक हँगर फ्रेमला आणि एक पिशवीत, पंक्चरच्या पॅचशेजारी.

पंक्चरचं निघालंच आहे तर सांगून टाकतो. बांधावरच्या बाभळीचा आणि बोरीचा काटा या दोघांपुढे कोणताही टायर टिकत नाही. ट्यूबलेस करून आत लॅटेक्सचं सीलंट घातलं की बारीक भोकं आपोआप बुजतात, आणि हवा पंचवीस-तीस पीएसआयपर्यंत कमी ठेवता येते, त्याने दगडावर पकड येते. पण आपल्या उन्हाळ्यात ते सीलंट महिन्या-दोन महिन्यांत सुकायला लागतं, आतून रबराची साय धरते. एप्रिलमध्ये ओतलेल्यावर जूनमध्ये विसंबू नये. दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. या सायकलींच्या ट्यूबला बहुतेक वेळा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्यावर बसत नाही. कॉम्प्रेसर आहे, माणूस तयार आहे, हवा मात्र आत जात नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवावा. हजारो रुपयांच्या वस्तूंच्या गप्पा मारणाऱ्यांकडे हा अडॅप्टर नसतो, असा माझा अनुभव आहे.

कपड्यांबद्दल एवढंच की दसऱ्यानंतर कुसळं मोज्यांत घुसतात आणि धुण्याने निघत नाहीत. हेल्मेटबद्दल वाद नको. आतला थर्माकोलसारखा फोम एकदा जोरात आपटून दबला की त्याचं काम संपलं, बाहेरून कितीही चकचकीत दिसो. आणि खर्चायला जास्तीचे पैसे असतीलच तर ते कार्बन फ्रेममध्ये घालू नका, ड्रॉपर पोस्टमध्ये घाला. हँडलवरचं बटण दाबलं की सीट खाली बसते, उतार संपला की पुन्हा वर. तीव्र उतारावर उंच सीट पार्श्वभागाला ढकलते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. निम्म्या पडापडीचं मूळ तिथे आहे.

पाण्याच्या वाटेचं सांगायचं राहिलं. पावसाळा सरताना ओघळ कोरडे होतात आणि वरून अगदी पायवाटेसारखे दिसतात. बारीक रेतीचा तळ, दोन्ही बाजूंना गवत, सुरेख वळणं. यवतेश्वरच्या मागच्या अंगाला असाच एक ओघळ आम्हाला हसत हसत खाली घेऊन गेला आणि दोन पुरुष उंचीच्या कड्यावर आणून सोडून दिलं. तिथून सायकली खांद्यावर घेऊन परत वर. वरच्या बाजूला गुरं घेऊन बसलेले आजोबा हे सगळं पहिल्यापासून बघत होते. आधी का नाही सांगितलंत म्हटल्यावर म्हणाले, “मला वाटलं तुमची सायकल उडती आसंल.”

या सगळ्या वाटांत माझी लाडकी म्हणजे भाऱ्याची वाट. दिवाळीच्या आगेमागे डोंगरावरचं गवत कापतात आणि बायका डोक्यावर भारे घेऊन उतरतात. भारा डोक्यावर असला की पायाखालचं नीट दिसत नाही आणि मान वाकवता येत नाही. म्हणून ही वाट कधी अचानक खाली पडत नाही, मोठी पायरी घेत नाही, नागमोडी उतरते, आणि ठरावीक अंतरावर छातीएवढ्या उंच दगडापाशी जाते, भारा टेकवून दम खायला. कोणाच्या मदतीशिवाय परत डोक्यावर घेता यावा म्हणून तेवढीच उंची. डोंगर उतरायचा कसा हे ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनी केलेली ही वाट. परदेशी पुस्तकांत सायकलवाटेचा उतार दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा, पाण्याला बाजूला काढून द्या असं लिहितात. ते सगळं या वाटेत आहे.

इथे आमच्याबद्दल एक गोष्ट बोलायला हवी. या वाटेवरून काहीही न वाहता जाणारे फक्त आम्हीच. बाकी सगळ्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर काही ना काही असतं. त्यामुळे कोण थांबणार हा प्रश्न उद्भवूच नये. आपण थांबायचं, उतरायचं, सायकल दरीच्या बाजूला घेऊन उभं राहायचं. अजिंक्यताऱ्यावरही पहाटे फिरायला येणाऱ्यांची रीघ असते, तिथे घंटी वाजवायची आणि वेग कमी करायचा. धनगरवाड्याची कुत्री धावून आली तर पळायचं नाही, उतरून सायकल मधे धरायची. आणि वाट ओली असेल तर सरळ घरी जायचं. काळी माती टायर आणि फ्रेमच्या मधे थापली जाते आणि चाक फिरायचं थांबतं, तो आपला त्रास. पण ओल्या वाटेवर टायरची जी चाकोरी उमटते, मागचं चाक लॉक करून ओढलं तर जी नाली पडते, तिच्यातून पुढच्या पावसाचं पाणी धावतं, आणि दोन पावसाळ्यांत भाऱ्याच्या वाटेचा ओघळ होतो.

कास पठारावर डांबर सोडून चाक घालण्याचा विचारही करू नये. जांभ्यावर बोटभर माती, त्यात वर्षातले काही आठवडेच जगणारी झाडं. २०१२ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं ते त्या बोटभर मातीसाठीच. ज्याला तिकडे दिवस घालवायचा आहे त्याने कासवरून गाळदेवमार्गे महाबळेश्वरकडे जाणारा जुना राजमार्ग धरावा, आणि पाणी भरपूर न्यावं.

अलीकडे भाऱ्याच्या वाटा बुजायला लागल्या आहेत. गोठ्यात जनावरं कमी झाली, जी आहेत त्यांना पेंड आणि विकतची वैरण. तरणी पोरं पुण्यात. गवत उभंच वाळतं, मग वणवा लागतो, आणि वाटेवर घाणेरी चढते. आमची आवडती वाट गेल्या वर्षी अर्ध्यातच संपली. त्या मालकी रानात अजून गवत कापणाऱ्या एका मावशींना विचारून, या दसऱ्यानंतर कोयते घेऊन ती साफ करायची असं ठरलं. मावशी आधी हसल्या. “तुमी सायकल ढकलतच न्हेता न्हवं, मग कशाला साफ करायची?” मग म्हणाल्या, वरची नको, खालची करा. खालची झऱ्यावरून जाते, तिथून त्यांना पाणी आणायला बरं पडेल.

खालच्या वाटेला सायकलच्या हिशेबाने काही अर्थ नाही. तीन ठिकाणी उतरावं लागतं, शेवटी पायऱ्यांसारखे दगड. दंतवैद्यांचं म्हणणं पडलं की कष्ट आपले तर वाट आपल्या पसंतीची हवी, आणि दोन्ही होणार नाहीत, रविवार तेवढे नाहीत. शिक्षक मित्र म्हणाला रान त्यांचं आहे. यावर चहाच्या टपरीवर दोन वेळा भांडण झालं. तिसऱ्या वेळी डॉक्टर आलेच नाहीत. पण कोयत्यांना धार लावून आणायचं काम त्यांच्याकडे होतं, ते करून त्यांनी मावशींना फोन लावला होता, झऱ्यापाशी गाडी कुठपर्यंत येते ते विचारायला.